वेंगुर्ल्याच्या कारखान्यातली आफ्रिकन बी

मंडळी, वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यांत फुटते ती बी सगळी आपल्या डोंगरातली नसते. बरीचशी आफ्रिकेतून येते. (काजूसुद्धा मूळचा आपला नाहीच, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला!) एप्रिल 2008 मध्ये दिल्लीत पहिली भारत-आफ्रिका शिखर परिषद झाली. तिथे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अल्पविकसित देशांच्या मालाला आयात शुल्कात सवलत जाहीर केली. यादीत काजूही होता. गिनी-बिसाऊसारख्या देशाची जवळजवळ सगळी निर्यात काजूचीच, म्हणजे त्यांना केवढं हक्काचं गिऱ्हाईक मिळालं बघा.

आता आपला बागायतदार विचारतो, बाहेरची बी आली की माझाच दर का पडतो? प्रश्न रास्त आहे. पण स्थानिक बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, आणि गर सोलणाऱ्या बायकांची मजुरी त्यावरच चालते. ॲरिस्टॉटल उपयोगापुरत्या मैत्रीलाही मैत्रीच म्हणतो, फक्त उपयोग सरला की ती सरते, असं बजावतो. बेनिनने तेच केलं. बी फोडण्या-सोलण्याचं काम आपल्याच देशात राहावं म्हणून त्यांनी 2024 पासून कच्च्या काजूची निर्यात थांबवली. त्यांच्याही बायकांना मजुरी हवीच आहे ना?