पायडल मारा, पाबे गाठा!

वीकएंडला सायकल काढायची, पण गाड्यांच्या धुरात फुफ्फुसं काळी करायची नाहीत? मग धायरीकरांनो, तुम्ही लकी आहात! सह्याद्रीतले एकदम सही रस्ते तुमच्या सोसायटीच्या गेटपासून तास-दीड तासावर आहेत. ते ओळखायचे कसे, एवढं फक्त माहीत हवं.

धायरी, नऱ्हे, नांदेड फाट्याच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये चक्कर मारा. एकवीस गिअरच्या, भारीतल्या सायकली धूळ खात उभ्या दिसतील. सायकल घेतली जाते हौसेनं. मग पहिल्याच रविवारी मालक सकाळी नऊला खडकवासल्याकडे निघतो, चौपाटीवरच्या ट्रॅफिकमध्ये सापडतो, दोन गाड्या कानाजवळून हॉर्न मारत जातात आणि विषय संपतो. ‘पुण्यात आता सायकलिंग राहिलं नाही,’ असं सोमवारी ऑफिसात सांगायला साहेब मोकळे!

राहिलंय ना. फक्त रस्ता आणि वेळ, दोन्ही चुकताहेत.

शांत रस्त्याचा फंडा

पुण्याच्या नैऋत्येला डोंगराच्या रांगा आणि त्यांच्यामधली खोरी एकाआड एक आहेत. एका खोऱ्यात पानशेत, वरसगाव आणि खडकवासला ही धरणं. सिंहगडाच्या रांगेपलीकडे कानंद आणि गुंजवणीचं खोरं, म्हणजे वेल्हे, विंझर, मार्गासनी. गाड्यांना घाई असते. त्या खोऱ्यातून सरळ शहराकडे किंवा सातारा हायवेकडे उतरतात. या खोऱ्यातून त्या खोऱ्यात जाणारा, मधली रांग चढून ओलांडणारा रस्ता मात्र त्यांना आडवळणाचा आणि दमवणारा वाटतो. म्हणून तो रिकामा असतो. सायकलवाल्यानं नेमका तोच निवडायचा. थोडक्यात, चढ जास्त तिथे गर्दी कमी!

रूट पहिला: सांगरुण (वॉर्म-अप)

नांदेड-शिवणे पुलावरून मुठा ओलांडा, उत्तमनगर आणि कोंढवे-धावडे मागे टाका आणि एनडीएच्या कडेकडेनं कुडजे, मांडवी करत सांगरुणला पोहोचा. मुठा, मोसी आणि आंबी या तीन नद्या इथल्या परिसरात एकत्र येतात. एका बाजूला खडकवासल्याचं बॅकवॉटर, दुसरीकडे भातखाचरं. चढ फार दमवणारे नाहीत. नव्या मंडळींनी सुरुवात इथूनच करावी.

रूट दुसरा: सिंहगड-कोंढणपूर

डोणज्याच्या बाजूनं सिंहगडाचा घाट आठ-नऊ किलोमीटरचा, चढण सहाशे-साडेसहाशे मीटर. स्पेनच्या मायोर्का बेटावर सा कालोब्रा नावाचा घाट आहे. १९३२ साली बांधलेला, साधारण साडेनऊ किलोमीटर लांब, सरासरी सात टक्के चढ. युरोपभरचे सायकलपटू तो चढायला विमानानं येतात. तुमच्याकडे जवळपास तेवढाच घाट घरामागे आहे, बॉस! साम्य आणखी एक आहे. तिथेही दिवस वर आला की टुरिस्ट बसेस येतात, म्हणून अनुभवी सायकलवाले पहाटेच घाट उरकतात. सिंहगडाचंही तेच. उजाडताना पायथ्याशी असाल तर घाट तुमचा, नऊनंतर तो गाड्यांचा.

गडावर जायचं नसेल तर घाटातूनच कोंढणपूरचा फाटा धरा. गर्दी गडाकडे जाते, तुम्ही दुसऱ्या अंगाला उतरता. कोंढणपुरात चहा घ्यायचा आणि आल्या वाटेनं परत.

रूट तिसरा: पाबे घाट (फुल डे)

हा खरा हिरो. खडकवासला, डोणजे करत खानापूर गाठा. तिथे पानशेतचा रस्ता सोडून डावीकडे रांजण्याकडे वळा. वळलात की आवाज बंद झाल्यासारखं होतं. पुढे घाट अंगावर येतो. सगळ्यात हलका गिअर टाका आणि घाई अजिबात करू नका. दम लागला तर उतरून ढकला, कोणी बघत नाही! माथ्यावर आलात की तोरणा आणि राजगड दोन्ही दिसतात. मग पाबे गावावरून वेल्ह्यात उतरायचं. पिठलं-भाकरी आणि ताक, वर थोडी विश्रांती.

परतीला तीच वाट धरलेली बरी. वेल्हे-नसरापूर-चेलाडी असा वळसा घालता येतो, पण पुढे हायवे लागतो. आणि नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तर सायकलवर घ्यायचाच नाही. ब्रेक फेल झालेल्या ट्रकचे अपघात तिथे पुन्हा पुन्हा झालेत. घर उताराच्या टोकाला दिसत असलं तरी नाही म्हणजे नाही!

पण हे किती दिवस?

धायरीचं उरलेलं गाव २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आलं. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला २०२१ मध्ये. दर काही वर्षांनी शांत रस्ता तुमच्या दारापासून आणखी लांब सरकतोय. फार्महाऊस प्लॉटच्या पाट्यांमागोमाग गाड्या येतात.

यावर इटलीतल्या टस्कनीच्या लोकांनी केलेला उपाय ऐकण्यासारखा आहे. तिथल्या टेकड्यांमधल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर डांबर पडू लागलं, तेव्हा १९९७ मध्ये ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची राइड सुरू झाली. हे रस्ते वाचवायचे, हाच हेतू. लोक जगभरातून येऊ लागले आणि मातीच्या रस्त्याला किंमत आली. २००७ पासून त्याच भागात ‘स्त्रादे बियांके’ ही व्यावसायिक शर्यत होते.

आपल्याकडे जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली आणि तिच्यासाठी जिल्ह्यातले बरेच रस्ते गुळगुळीत झाले. छानच! पण गुळगुळीत रस्त्यावर कारही सुसाट सुटते. तिथे सायकलवाले रोज दिसले, तरच तो रस्ता त्यांचाही राहील. गावातल्या हॉटेलात तुम्ही खाल्लंत, तिथल्या माणसांशी बोललात, तर गावालाही सायकल आपली वाटेल.

निघण्याआधी

• पहाटे साडेपाचला घर सोडा. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा हवाच.
• एक जादा ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप सोबत ठेवा. पाबे घाटात पंक्चरवाला शोधत बसू नका.
• दोन बाटल्या पाणी, चिक्की, केळी. उन्हाळ्यात दहाच्या आत घाट संपवा.
• पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि घाट बंदही ठेवतात. आदल्या दिवशी चौकशी करा.
• उतारावर दोन्ही ब्रेक आलटून-पालटून. हेल्मेटला पर्याय नाही.
• एकट्यानं जाणार असाल तर रूट घरी सांगून निघा.

आता शनिवारी रात्री फक्त एक करा. टायरमध्ये हवा भरून ठेवा. हवा भरलेली असली की गजर बंद करून झोपायला सबब उरत नाही!