दिवे आले, पण टीव्ही गेला!

मे-जूनच्या संध्याकाळी जबलपूरला ‘आंधी’ सुटते, विजा कडाडतात आणि दिवे जातात. राज्याच्या वीज कंपन्यांचे ‘शक्ती भवन’ याच शहरात. पण वादळापुढे कोणाचे काय चालणार? खरा धोका असतो तो दिवे परत येताना!

घराला २३० व्होल्ट वीज लागते. फांदी पडून खांबावरची न्यूट्रल तार तुटली, की एका घरातले दिवे मिणमिणतात, तर शेजारी दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. हप्त्यांनी घेतलेला टीव्ही, फ्रिज क्षणात जळतो. एमसीबी जादा प्रवाह तोडतो. जादा दाब नव्हे.

म्हणून आभाळ भरून येताच, विजा सुरू होण्याआधी, प्लग काढा. टीव्हीची केबलही सोडवा. दिवे आल्यावर प्रथम एकच जुना पिवळा बल्ब लावा. तो डोळे दिपवू लागला किंवा मिणमिणला, तर मेन स्विच बंद करून वीज कार्यालयाला कळवा. प्रकाश स्थिर राहिला, तर दहा मिनिटांनी फ्रिज लावा. पावसाळ्यापूर्वी अर्थिंगही तपासून घ्या.

दहा मिनिटांचा धीर वर्षांची बचत वाचवतो!