इमर्जन्सीत आधी नंबर कोणाचा?

मी या शाळेत सहावीला आलो, आता दहावीत आहे. एवढ्या वर्षांत एमआय रूमच्या वाऱ्या पुष्कळ झाल्या. कधी ताप, कधी मुरगळलेला घोटा, कधी ड्रिलच्या बुटांनी आलेले फोड. पण मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात, ज्याला आपल्या घरची माणसे कॅज्युअल्टी म्हणतात, मी पहिल्यांदा गेलो तो गेल्या डिसेंबरमध्ये. आजारी मी नव्हतो, माझा बडी होता. (नाव छापायचे नाही अशी त्याची ताकीद आहे.) तिथे काय काय होते हे मला आधी माहीत असते तर माझ्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या नसत्या. तुमच्या हातून त्या होऊ नयेत म्हणून हा लेख.

दुसऱ्या दिवशी इंटर-हाऊस क्रॉस कंट्री होती. बडी आमच्या हाऊसचा सर्वांत चांगला धावपटू. रात्री साडेआठला मेसमध्ये तो ताटासमोर नुसताच बसून होता. म्हणाला, "बेंबीजवळ दुखतंय." मी म्हणालो, "गॅस झाला असेल. उद्या सिक रिपोर्ट केलास तर सगळे म्हणतील, पळायला घाबरला." मग माझ्या ट्रंकमधली दुखण्यावरची एक गोळी त्याला दिली. ट्रंकमध्ये औषध ठेवायला परवानगी नाही, हे मला माहीत होते.

सकाळी तो धावला. तिसऱ्या किलोमीटरला पोट धरून खाली बसला आणि उलटी झाली. एमआय रूममध्ये डॉक्टरांनी पोटावर उजवीकडे खाली हात दाबला तसा तो कळवळला. "कधीपासून?" या प्रश्नाला त्याने "आत्ताच" असे उत्तर दिले. दहा मिनिटांत शाळेची ॲम्ब्युलन्स शहराकडे निघाली. हाऊस मास्टर सर पुढे बसले, मी मागे त्याच्याजवळ.

दारात काय होते

रुग्णालयात पोचताच वॉर्डबॉयने स्ट्रेचर आणले. सर केसपेपर काढायला खिडकीवर गेले. तोवर एका सिस्टरने बडीची नाडी, रक्तदाब आणि ताप पाहिला, बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजला आणि काय होते आहे ते दोन-तीन प्रश्नांत विचारून घेतले. मग त्याच्या मनगटावर पिवळी पट्टी बांधली आणि स्ट्रेचर एका बाजूला लावून ठेवले. आम्ही थांबलो.

आमच्या शेजारी हनुवटी फुटलेला एक लहान मुलगा मोठमोठ्याने रडत होता. शर्टावर बरेच रक्त होते, पण त्याची पट्टी हिरवी होती. तेवढ्यात शाल पांघरलेले एक आजोबा मुलाचा हात धरून चालत आले. त्यांनी हळू आवाजात एवढेच सांगितले की छाती जड वाटते, डावा हात दुखतो. डिसेंबरच्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. सिस्टरने त्यांना लगेच आडवे केले, ईसीजी काढला आणि दोन मिनिटांत त्यांना आत नेले.

इथे माझी पहिली चूक झाली. मी सिस्टरकडे जाऊन जरा चढ्या आवाजात म्हणालो, "आम्ही आधी आलो आहोत. आम्ही मिलिटरी स्कूलचे आहोत."

सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बेटा, इथे आधी येईल त्याचा नंबर आधी नसतो. ज्याच्याकडे वेळ कमी, त्याचा नंबर आधी." आजोबांना हृदयविकाराचा झटका आला होता, हे मला नंतर कळले.

ट्रायज म्हणजे काय

या निवडीला ट्रायज म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ वेगवेगळे करणे, निवडणे. बऱ्याच रुग्णालयांत त्यासाठी रंग वापरतात. लाल म्हणजे जीव धोक्यात आहे, उपचार या क्षणी हवेत. पिवळा म्हणजे आजार गंभीर आहे, पण थोडा वेळ थांबता येईल. हिरवा म्हणजे दुखापत साधी आहे, थांबले तरी चालेल. रक्त पाहून आपण घाबरतो, रडणाऱ्याकडे आपले लक्ष जाते. पण प्रशिक्षित नजर गप्प बसलेल्या, घामाघूम झालेल्या माणसाकडे आधी वळते.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ही पद्धत रणांगणावरून आली आहे. डॉमिनिक ज्याँ लारे हे नेपोलियनच्या सैन्यातले नामवंत शल्यविशारद. जखमींना लढाईच्या मैदानातून लवकर बाहेर काढण्यासाठी त्यांनी १७९० च्या दशकात घोड्यांच्या हलक्या, वेगवान गाड्या तयार करवल्या. त्यांचा नियम असा होता की ज्याची जखम सर्वांत गंभीर, त्याच्यावर उपचार आधी. मग तो साधा शिपाई असो की अधिकारी. लारे यांनी सैन्यात राहून हुद्दा बाजूला ठेवला होता आणि मी मात्र एका आजारी आजोबांच्या पुढे जाण्यासाठी शाळेचे नाव वापरले. हे वाचल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली.

मात्र मिळालेला रंग कायमचा नसतो. थांबलेले असताना श्वास लागला, शुद्ध हरपू लागली, दुखणे एकदम वाढले तर लगेच सिस्टरना सांगायचे. ती तक्रार नव्हे, ती माहिती आहे आणि त्यांना ती हवीच असते.

डॉक्टरांचे प्रश्न

थोड्या वेळाने डॉक्टर मॅडम आल्या. "दुखणं कधी सुरू झालं?" त्यांनी विचारले.

"आज सकाळी," बडी म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मागे हाऊस मास्टर सर उभे होते. तो मला वाचवत होता.

माझी दुसरी चूक रात्रीच होऊन गेली होती. आता तीच आणखी वाढवायची की थांबवायची, एवढेच माझ्या हातात होते. मी म्हणालो, "मॅडम, काल रात्री साडेआठपासून दुखतंय. आधी बेंबीजवळ होतं. मी त्याला दुखण्यावरची गोळी दिली. सकाळी साडेपाचला त्याने चहा आणि दोन बिस्किटं घेतली."

मॅडमनी कोणाला दोष दिला नाही. गोळीचे नाव विचारले, सगळे लिहून घेतले, पोट पुन्हा तपासले आणि सोनोग्राफी ताबडतोब करायला सांगितली. नंतर त्यांनी मला कारणे समजावली. सुजलेले अपेंडिक्स जितका वेळ तसेच राहील तितका ते फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून 'सकाळपासून' आणि 'बारा तासांपासून' यांत फार फरक आहे. गोळीने दुखणे आणि ताप झाकला जातो, आजार जात नाही. आणि भूल देताना पोटात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून शेवटचे कधी खाल्ले, हे अचूक सांगावे लागते. इमर्जन्सीला जाताना रुग्णाला खायला-प्यायला द्यायचे नाही, त्याचे कारणही हेच.

तुम्हाला विचारतील ते प्रश्न साधारण असे: काय होते आहे, कधी सुरू झाले, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, कोणते औषध घेतले, पूर्वी काही आजार किंवा ऑपरेशन झाले आहे का, शेवटचे कधी खाल्ले. हेच प्रश्न तुम्हाला तीन जण तीनदा विचारतील. चिडू नका. एकाला सांगायचे राहिलेले दुसऱ्याला सांगितले जाते.

पुढे काय

हाताच्या शिरेत सुई बसवतात, तिच्यातूनच सलाईन आणि औषधे देतात. रक्त आणि लघवी तपासायला जाते. गरज असेल तसा एक्स-रे किंवा सोनोग्राफी होते. मग रिपोर्टची वाट. हा वेळ फार लांब वाटतो, पण या काळात सिस्टर पुन्हा पुन्हा येऊन नाडी, रक्तदाब पाहतात. शेवटी तीनपैकी एक गोष्ट होते: औषध देऊन घरी पाठवतात, दाखल करून घेतात किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवतात.

आपण अठरा वर्षांखालील आहोत, म्हणून ऑपरेशनसाठी पालकांची संमती लागते. सरांनी बडीच्या वडिलांना फोन लावला. ते सीमेवर पोस्टिंगवर आहेत, फोन तिसऱ्या वेळी लागला. म्हणून घरच्यांचे दोन तरी नंबर पाठ असावेत. जीवावरच बेतले असेल तर मात्र डॉक्टर संमतीसाठी उपचार अडवून ठेवत नाहीत.

अपघाताच्या रुग्णाची पोलिसांकडे नोंद होते, तिला एमएलसी म्हणतात. ती होईपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. रस्त्यावरच्या जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्यालाही २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात संरक्षण आहे. त्यामुळे सुट्टीत घरी असताना अपघात दिसला तर बघत उभे राहू नका, ११२ किंवा १०८ ला फोन करा.

बडीचे ऑपरेशन त्याच दुपारी झाले. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होते, असे सर्जन सरांना म्हणाले. ते ऐकून माझे पाय गार पडले. परतताना हाऊस मास्टर सर बराच वेळ काही बोलले नाहीत. गेटजवळ आल्यावर एवढेच म्हणाले, "तिथे खरं बोललास, ते बरं केलंस. पण ते रात्री साडेआठला बोलायला हवं होतं."

क्रॉस कंट्री आम्ही हरलो. बडीची पीटी बरेच आठवडे बंद होती, आता तो पुन्हा धावतो आणि मला मागेही टाकतो. माझी ट्रंक मी स्वतः उघडून सगळ्या गोळ्या एमआय रूममध्ये जमा केल्या. ज्युनिअर्सना माझे एकच सांगणे आहे: रात्री पोटात दुखले तर सकाळची वाट पाहू नका. मेट्रनना उठवा, हाऊस मास्टरना उठवा, कोणी नसेल तर मला उठवा. घाबरलास का, असे मी आता कोणालाही विचारणार नाही.