गोव्याच्या सहलीत ‘ओल्ड गोवा’ फक्त फोटोपुरते? बिलोलीहून निघण्याआधी हे समजून घ्या

बिलोली : दिवाळीची सुट्टी किंवा नाताळ जवळ आला की गोव्याचे पॅकेज शोधायला सुरुवात होते. टेम्पो ट्रॅव्हलर ठरते, माणशी खर्च ठरतो आणि कार्यक्रमाचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. त्यात ‘साउथ गोवा साइट सीइंग’ या एका ओळीत मंदिर, बोट राइड आणि बीचच्या मध्ये ओल्ड गोवा बसवलेले असते. गाडी थांबते, दोन चर्चसमोर फोटो होतात आणि गाडी पुढे निघते.

प्रत्यक्षात ती एका राजधानीची जागा आहे. विजापूरची आदिलशाही, छत्रपती शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि मराठी भाषा या सगळ्यांचा तिच्याशी थेट संबंध आहे. सातशे किलोमीटर जायचेच आहे, तर या जागेला एक पूर्ण दिवस का द्यावा आणि तो कसा द्यावा, ते पाहू.

ओल्ड गोवा म्हणजे नेमके काय?

मांडवी नदीच्या काठावरचे हे शहर विजापूरच्या आदिलशाहीकडे होते. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने ते जिंकले आणि पोर्तुगिजांच्या आशियातील कारभाराची राजधानी येथे झाली. मसाले, घोडे, कापड यांच्या व्यापारावर शहर वाढले. वेगवेगळ्या ख्रिस्ती धर्मसंघांनी चर्च आणि मठ बांधले.

मग साथीच्या रोगांनी शहर पोखरले आणि लोक निघून जाऊ लागले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयनेही मुक्काम पणजीला हलवला. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. घरे, बाजार, वाडे नाहीसे झाले. चर्च तेवढी उरली. १९८६ मध्ये युनेस्कोने येथील चर्च आणि मठांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे पाहिलेल्यांना, वस्ती जाते आणि देवळे मागे राहतात, हे वेगळे सांगायला नको.

काय पाहावे?

सगळी ठिकाणे पायी फिरण्याच्या अंतरात आहेत. सकाळी लवकर सुरुवात केल्यास ऊन आणि गर्दी दोन्ही टळतात.

• बॉम जीझस बॅसिलिका : बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले, १६०५ मध्ये पूर्ण झाले. बाहेरून उघडा जांभा दगड दिसतो, कारण त्यावरचा गिलावा विसाव्या शतकात काढण्यात आला. आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव चांदीच्या पेटीत आहे. ते १५४२ मध्ये गोव्यात आले, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले आणि १५५४ मध्ये त्यांचे पार्थिव गोव्यात आणले गेले. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतील टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेली भेट आहे. तो १६९८ मध्ये बसवला गेला.

• से कॅथेड्रल : रस्त्याच्या पलीकडे. १५६२ मध्ये काम सुरू झाले आणि इमारत उभी राहायला १६१९ उजाडले. आशियातील मोठ्या चर्चपैकी हे एक. समोरून पाहिल्यास एकच मनोरा दिसतो. दुसरा १७७६ मध्ये कोसळला.

• सेंट कॅजेटन चर्च : रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकेच्या धर्तीवर बांधलेले. त्याच्या आवारालगत आदिलशाही वाड्याच्या दरवाजाची कमान अजून उभी आहे. गाइड बहुधा पुढे नेतो. थांबवून दाखवायला सांगा.

• व्हाइसरॉयची कमान : नवा व्हाइसरॉय नदीतून येऊन या कमानीखालून शहरात शिरत असे. ती वास्को द गामाच्या पणतूने, तो स्वतः व्हाइसरॉय असताना, बांधली.

• सेंट ऑगस्टीनचा मनोरा : टेकडीवरचे अवशेष. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. आता ४६ मीटर उंच मनोऱ्याचा अर्धा भाग उभा आहे. येथील उत्खननात जॉर्जिया देशाची राणी केटेवान हिचे मानले जाणारे अवशेष सापडले. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत त्यांची डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला सोपवले.

मराठी माणसाचा याच्याशी संबंध काय?

तीन गोष्टी आवर्जून लक्षात ठेवाव्यात.

पहिली, भाषेची. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. १५७९ मध्ये आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये दक्षिण गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. त्यात मराठीची स्तुतीही आहे.

दुसरी, संघर्षाची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने गोव्यातील अनेक मंदिरे पाडली. १५६० मध्ये येथे ‘इन्क्विझिशन’ हे धर्मन्यायालय सुरू झाले; ते कायमचे बंद व्हायला १८१२ उजाडले. भाविकांनी देव पोर्तुगीज हद्दीबाहेर हलवले. कुशस्थळीचा मंगेश त्यामुळेच फोंडा परिसरात आला. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराची पुढे नार्वे येथे स्थापना झाली आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. म्हणून मंगेशी आणि नार्वे ही ठिकाणे ओल्ड गोव्याला जोडून पाहिली, तरच चित्र पूर्ण होते.

तिसरी, स्वारीची. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्याला जेरीस आणले. तेव्हा व्हाइसरॉयने झेवियर यांची शवपेटी उघडून आपला राजदंड त्यांच्यापाशी ठेवला आणि शहर वाचवण्याची प्रार्थना केली. त्याच वेळी मोगल फौज कोकणात उतरल्याने महाराजांना मागे फिरावे लागले. बॉम जीझसमध्ये त्या पेटीसमोर उभे राहिल्यावर हा प्रसंग आठवायला हवा.

बिलोलीहून मार्ग कोणता?

देगलूर, उदगीर, लातूर, तुळजापूर, सोलापूर, विजापूर, बेळगाव आणि पुढे गोवा. एका दमात हा प्रवास करू नका. सोयीची विभागणी अशी :

• दिवस १ : बिलोली ते विजापूर. मुक्काम.
• दिवस २ : सकाळी गोलघुमट, मग बेळगाव. गोवा ज्यांच्याकडून गेला, त्यांची राजधानी आधी पाहून होते.
• दिवस ३ : घाट उतरून पणजी. संध्याकाळी फॉन्टेन्हास ही जुनी पोर्तुगीज वस्ती आणि मांडवीकाठचा आदिलशाही राजवाडा.
• दिवस ४ : पूर्ण दिवस ओल्ड गोवा. पणजीपासून अंतर सुमारे १० किमी.
• दिवस ५ : फेरीबोटीने दिवाडी, तेथून नार्वे; दुपारनंतर मंगेशी.
• दिवस ६ व ७ : परतीचा प्रवास.

बेळगावहून गोव्यात उतरणारा चोर्ला घाट वळणांचा आहे. तो उजेडी पार करा. पावसाळ्यात आणि मोठी गाडी असल्यास घाट सुरू आहे का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

चर्चमध्ये जाताना काय पाळावे?

• खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. पुरुषांनी टोपी काढावी.
• चप्पल-बूट सहसा बाहेर काढावे लागत नाहीत.
• मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना सुरू असेल तर फिरू नका. मागे शांत बसा. शेवटी दिला जाणारा प्रसाद फक्त कॅथलिक भाविकांसाठी असतो, त्या रांगेत उभे राहू नका.
• फोटोबाबतचे नियम फलकावर असतात. आधी वाचा, मग मोबाइल काढा.

गोवा जमत नसेल तर?

महाराष्ट्रातही असा वारसा आहे. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकला. किल्ल्यात जुन्या चर्चचे अवशेष आहेत. १५९७ मध्ये जपानमध्ये मारले गेलेले आणि १८६२ मध्ये संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया वसईचेच. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून बनलेली बोली आजही बोलली जाते. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा सप्टेंबरमध्ये भरते.

अ‍ॅडव्हान्स देण्याआधी हे चार प्रश्न विचारा

१. ओल्ड गोव्यात गाडी किती तास थांबणार? तीन तासांपेक्षा कमी असेल तर कार्यक्रम बदलून मागा.
२. गाइडचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का? गाइडकडे पर्यटन विभागाचे ओळखपत्र आहे का?
३. गाडीला गोवा आणि कर्नाटकचा परमिट आहे का? टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता कोणाकडे?
४. रात्रीचा प्रवास आहे का? असल्यास चालक दोन आहेत का?

उत्तरे फोनवर न घेता मेसेजवर लेखी घ्या.

तारखा लक्षात ठेवा

झेवियर यांचा सण ३ डिसेंबरला असतो. आधीचे नऊ दिवस प्रार्थना चालतात. त्या काळात आणि नाताळात राहण्याचे दर चढतात. दर दहा वर्षांनी पार्थिव दर्शनासाठी खाली आणले जाते. गेले दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. एरवी पेटी उंचावर असते आणि खालूनच पाहावी लागते. ‘जवळून दर्शन करवून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.