एकच रस्ता, दोन वेग

लोणी स्टेशन चौकात संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला एखादी आजी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला उभी राहते, तेव्हा तिच्यापुढे एक गणित असते. पुणे-सोलापूर महामार्गाची एक बाजू, कडेची पट्टी धरून, साधारण नऊ मीटर धरू. तिची चाल सेकंदाला ९० सेंटिमीटर, म्हणजे दहा सेकंद लागणार. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात २२० मीटर पुढे येते. म्हणजे पाऊल टाकण्याआधी आजीने फर्लांगाच्याही पलीकडे असलेल्या गाडीचा अंदाज बांधायला हवा. तोही दुभाजकापर्यंतचाच. पलीकडच्या बाजूचे गणित पुन्हा पहिल्यापासून.

हा अंदाज तरण्या माणसालाही नीट बांधता येत नाही. गाडी जवळ येते आहे हे डोळ्याला कळते ते तिचा आकार वाढताना पाहून. दूरच्या गाडीचा आकार आधी फार हळू वाढतो आणि अगदी जवळ आल्यावर झपकन मोठा होतो. अंधारात दुचाकीचा एकच दिवा दिसतो आणि तो असतो त्याहून लांब वाटतो. मग आजी सगळे करतात तेच करते: हात वर करते आणि चालू लागते.

अशा वेळी गाडीवाल्याच्या हातात काय असते तेही मोजून पाहण्यासारखे आहे. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. रस्ता कोरडा, टायर चांगले. ताशी ५० किलोमीटरची मोटार सुमारे २८ मीटरमध्ये थांबते, ८० ची ५७ मीटरहून जास्त घेते. पण खरी मेख पुढेच आहे. ५० ची गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी ८० च्या गाडीचा वेग किती उरलेला असतो? ताशी ७३ किलोमीटरच्या आसपास. पहिले २२ मीटर तर दचकण्यातच गेलेले असतात, ब्रेक जेमतेम लागू लागलेला असतो. ३० ची गाडी मात्र १३-१४ मीटरमध्येच उभी राहते.

स्वीडनच्या योरान निल्सन यांनी अपघातांच्या आकडेवारीवरून एक ठोकताळा मांडला: रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेणे अपघात सुमारे चार टक्क्यांनी वाढतात. त्याच देशाच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ स्वीकारले. माणूस चुकणारच, चूक झाली तरी त्याचा जीव जाणार नाही असा रस्ता बांधणे ही बांधणाऱ्याची जबाबदारी, असा त्याचा गाभा. आपल्याकडे अजून ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’ या तीन शब्दांत बातमी संपते.

२० जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास याच पुणे-सोलापूर महामार्गावर कदमवाकवस्तीजवळ एक मोटार दुभाजक ओलांडून समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली. रायगड पाहून घरी निघालेले यवतचे नऊ विद्यार्थी त्यात गेले. बुटका दुभाजक वेगातली गाडी अडवत नाही, कित्येकदा चाक त्यावर चढून गाडी उलट उधळते. गाडी अडवायला धक्का पोटात घेणारा कठडा लागतो. स्वीडनने अरुंद महामार्गांच्या मधोमध ताणलेल्या तारांचे कठडे घातले आणि तिथले मृत्यू सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटले. चालक तेच होते.

लोणी काळभोरला हा रस्ता महामार्गही आहे आणि गावातला रस्ताही. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबईहून आलेली पाइपलाइन लोणीला येऊन पुढे सोलापूरकडे जाते. इथल्या तेल कंपन्यांच्या डेपोंमुळे टँकरची रीघ ठरलेलीच. राजबागेत, म्हणजे एकेकाळच्या राज कपूर यांच्या शेतावर, एमआयटीचे विद्यापीठ उभे राहिले. हजारो मुलांची ये-जा याच रस्त्याने होते. थेऊर फाट्यावरून चिंतामणीच्या दर्शनाला जाणारे वळतात. थेऊरचा यशवंत साखर कारखाना बरीच वर्षे बंद राहिल्याने आसपासचा ऊस लांबच्या कारखान्यांना गेला, आणि रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली महामार्गावर जास्त किलोमीटर रेंगाळली. कारखाना बंद पडण्याचा हिशेब कोणी रस्त्याच्या खात्यावर मांडत नाही, पण तो तिथेही मांडता येतो.

आणि या रस्त्याचा मालक कोण? गाव ग्रामपंचायतीचे, शेजारच्या कदमवाकवस्तीची ग्रामपंचायत वेगळी. रस्ता राष्ट्रीय महामार्ग, म्हणून केंद्राचा. बांधकामांची परवानगी आणि प्रादेशिक नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे. २०२१ मध्ये लोणी काळभोरचे पोलीस ठाणे पुणे शहर आयुक्तालयात गेले, त्यामुळे दंडाची पावती शहरातली आणि गटार मात्र ग्रामपंचायतीचे. महापालिकेची हद्द त्याच वर्षी शेवाळेवाडी-मांजरीपर्यंत येऊन थांबली. बस पीएमपीची, आगगाडी मध्य रेल्वेची. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायच्या २९ विषयांत रस्ते आहेत खरे, पण गावातला सर्वांत जीवघेणा रस्ता त्यात बसत नाही.

मग गाव आपल्या परीने इलाज करते. अपघात होतो, रास्ता रोको होतो, रातोरात गतिरोधक उगवतो. तो बहुधा घमेल्याने ओतलेल्या डांबराचा उंच, अरुंद वरवंटा असतो. इंडियन रोड्स काँग्रेसचा मानक गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा कापून ठेवल्यासारखा. ताशी २५ किलोमीटरने गेले तर त्याचा त्रास होत नाही, जोरात गेले की गाडी उसळते. वरवंटा मात्र हळू जाणाऱ्यालाही हाणतो, आणि वेगातल्या जड ट्रकचे सस्पेन्शन त्याचा धक्का गिळूनही टाकते. त्रास होतो तो दुचाकीवर मागे बसलेल्या बाईला. शिवाय राष्ट्रीय महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवर गतिरोधकाला जागाच नाही. तो हवा गावातून महामार्गाला येऊन मिळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी.

दुसरा घरगुती इलाज दुभाजक फोडण्याचा. पुण्याकडे याला दुभाजकाचे ‘पंक्चर’ म्हणतात. तीन रस्ते मिळतात अशा साध्या फाट्यावर वाहनांचे मार्ग नऊ ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा एकमेकांपासून फुटतात. दुभाजक सलग ठेवून फक्त डावीकडून आत, डावीकडून बाहेर एवढीच मुभा दिली की अशा जागा दोनच उरतात. कागदावर उत्तर सोपे आहे. पण वळायची सोय दोन किलोमीटरवर नेली, तर शंभर मीटरवर घर असलेला माणूस उलट्या दिशेने येणार, हेही तितकेच नक्की. पादचारी पुलाचेही तसेच. खालून उंच वाहने जावीत म्हणून साडेपाच मीटर मोकळी जागा सोडायची, वर तुळईची जाडी, म्हणजे चाळीसेक पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. गुडघे दुखणारी आजी तो पूल फक्त बघते.

रस्त्यावरचे मृत्यू कमी करणे जमते का, याचे उदाहरण लांब शोधायला नको. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जण दगावले. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून ‘झीरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’चे काम हाती घेतले. धोक्याच्या जागी कठडे बसवले, उभ्या ट्रकांवर कारवाई केली, रुग्णवाहिका लवकर पोचेल अशी व्यवस्था लावली. २०१९ मध्ये मृत्यू ९२ झाले. टाळेबंदीचे वर्ष मुद्दामच धरलेले नाही. अर्थात द्रुतगती मार्गावर आजी नसते, शाळा सुटत नाही. लोणीचे काम त्याहून अवघड आहे.

अवघड यासाठी, की इथे नुसता वेग आवरून भागणार नाही, गाड्याही कमी व्हायला हव्यात. अमेरिकेतील शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची संघटना तीन मीटरच्या एका पट्ट्याचा हिशेब असा मांडते: खासगी मोटारी तासाला ६०० ते १,६०० माणसे नेतात, बससाठी राखीव मार्गिका ४,००० ते ८,०००, आणि पदपथ सुमारे ९,०००. लोणीकरांना हा आकडा पटवून द्यावा लागू नये. दरवर्षी पुण्याचा मुक्काम आटोपून तुकोबांची पालखी लोणी काळभोरला उतरते. त्या दिवशी वाहने दुसरीकडून वळवली जातात आणि हाच रस्ता दिंड्यांच्या दिंड्या सुखाने पुढे नेतो. मौज अशी की तुकोबांच्या पालखी मार्गाचे चौपदरीकरण, ज्याच्या दोन्ही कडांना वारकऱ्यांसाठी चालायची वाट आखली आहे आणि ज्याची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला झाली, ते पाटसपासून पुढे सुरू होते. लोणी अलीकडे राहते.

गाड्या कमी करायची साधने तशी हाताशी आहेत. पुणे-दौंड लोहमार्ग गावाला लागून जातो आणि लोणीला स्थानक आहे. २०१७ पासून या मार्गावर डेमू धावते, पण उपनगरी गाडीसारखी ती वारंवार यावी ही मागणी जुनीच. पीएमपीने २०१९ मध्ये विजेवरच्या बस आणल्या. हडपसरजवळचे भेकराईनगर आगार त्यांच्यासाठी सज्ज झाले. हडपसर ते लोणी काळभोर मेट्रो प्रस्तावित आहे. पण स्थानकापर्यंतची शेवटची पाचशे मीटर वाट अंधारी आणि चिखलाची असेल, तर पोरगा आईकडे दुचाकीच मागणार. पुणे महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण मंजूर केले. पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी हे रोड्स काँग्रेसही सांगते. ग्रामपंचायतीला त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात ही पाचशे मीटर वाट, तिचे दिवे आणि गटारावरची झाकणे घालता येतात.

आता हडपसर ते यवत उन्नत मार्गाची योजना पुढे सरकते आहे. टँकर आणि सोलापूरच्या गाड्या वरून गेल्या तर खालचा रस्ता पहिल्यांदाच गावाचा होऊ शकेल. तो तसा आखला तरच. नाहीतर खालीही तेच चार पदर, त्यात खांबांची भर, आणि खांबाआडून अचानक समोर येणारी माणसे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आले. रस्त्याचा आराखडा किंवा बांधणी मानकांप्रमाणे नसल्याने कोणी दगावले किंवा अपंग झाले, तर आखणारा, बांधणारा आणि देखभाल करणारा यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिवाच्या मानाने रक्कम किरकोळच. पण खांबांच्या जागा अजून कागदावर आहेत. लोणी स्टेशन चौकात लोक नेमके कुठून ओलांडतात हे एका संध्याकाळी खडू घेऊन आखून दाखवता येईल, आणि ते आखणाऱ्याला इंजिनिअर असावे लागत नाही.