रेस्क्यू ते घर: मधले दिवस कोण सांभाळणार?

आजचा भाग रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल आहे. ज्यांचं ऐकायचं राहून गेलं, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांना धड ऐकूच आलं नाही, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती.

"अर्जंट! गोंडस पिल्लू सापडलंय, आजच घर हवंय, प्लीज फॉरवर्ड." असा मेसेज तुमच्याही व्हॉट्सॲपवर येत असेल. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. अडचण आहे ती 'आजच' या शब्दात. रस्त्यावरचं कुत्रं उचलून त्याच दिवशी कुणाच्या घरी देणं म्हणजे टेस्टिंग न करता कोड थेट लाइव्ह करणं. आम्ही इंजिनिअर लोक असं करतो तेव्हा फार तर ॲप बंद पडतं. इथे पिल्लू आठवड्याभरात दगावू शकतं, किंवा महिन्याभरात पुन्हा रस्त्यावर दिसतं. म्हणून आज बोलूया उचलणं आणि घर मिळणं यांच्या मधल्या दिवसांबद्दल.

आधी ठरवा, उचलायचं का?

प्रत्येक रस्त्यावरच्या कुत्र्याला घर हवंच असतं असं नाही. कानाला छोटी खाच दिसली तर समजायचं, त्याची नसबंदी झालेली आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला नसबंदी आणि रेबीजची लस देऊन त्याच्याच भागात परत सोडतात. सुप्रीम कोर्टाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही हेच तत्त्व कायम राहिलं. अपवाद रेबीज झालेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, हॉस्पिटल, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणांहून उचललेली कुत्री तिथे परत सोडू नयेत, असंही कोर्टाने सांगितलं. पण गल्लीतलं धडधाकट, चार घरी ओळखीचं मोठं कुत्रं फ्लॅटमध्ये कोंडून सुखी होईलच असं धरून चालू नका.

पिल्लांचंही तसंच. पिल्लं एकटी दिसली की लगेच उचलू नका. आई बऱ्याचदा खाणं शोधायला गेलेली असते. लांबून थोडा वेळ लक्ष ठेवा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू तब्येतीने आणि स्वभावानेही मागे पडतं.

मग उचलायचं कुणाला? अपघातात सापडलेलं, जखमेत अळ्या पडलेलं, आई गेलेलं पिल्लू, आणि कुणीतरी सोडून दिलेलं पाळीव कुत्रं. रस्त्यावर टाकलेल्या लॅब्राडोरला ना खाणं शोधता येतं, ना दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दी कळतात.

उचलताना

वेदनेत असलेलं कुत्रं, कितीही गरीब असलं तरी, चावू शकतं. चेहऱ्याजवळ वाकू नका. जाड चादर अंगावर टाकून, शरीराला आधार देत उचला. तोंडाला बँडेज बांधायची वेळ आली तर थोड्याच वेळापुरतं बांधा. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर मुळीच नाही. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, कुत्र्यांना ती विषासारखी बाधू शकते.

खालचा जबडा लोंबतोय, सतत लाळ गळतेय, झोकांड्या जातायत, समोर येईल त्याला चावतंय, असं दिसलं तर हातच लावू नका. लांब राहून महापालिकेला कळवा. आणि चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

पहिले चौदा दिवस वेगळे

'आजच घर' का नको, याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पार्व्हो. या विषाणूची लागण झाली तरी पिल्लू सुरुवातीचे काही दिवस मजेत खेळत असतं. मग उलट्या, रक्ताची पातळ शी, आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत खेळ खलास. विषाणू फरशीवर, अंगणात, चपलेच्या तळव्याला महिनोन्‌महिने टिकतो. हात धुवायचं सॅनिटायझर त्यावर भरवशाचं नाही. फरशीला पाण्यात कालवलेलं ब्लीच लागतं. म्हणजे आजारी पिल्लू ज्या घरात गेलं, तिथे पुढे येणारं लस नसलेलं पिल्लूही धोक्यात.

म्हणून नवीन कुत्रं दोन आठवडे वेगळ्या खोलीत किंवा बाथरूममध्ये ठेवतात. भांडी वेगळी, चप्पल वेगळी, घरातल्या इतर कुत्र्यांची भेट बंद.

या काळात व्हेट जंताचं औषध देतात, गोचीड काढतात, रक्त तपासतात. पिल्लांचं लसीकरण साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतं आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतं. एक इंजेक्शन म्हणजे 'व्हॅक्सिनेटेड' नव्हे, बरं का! गोचीड तापाचा औषधाचा कोर्सच सहसा चार आठवड्यांचा असतो. खरूज बरी होऊन केस परत यायला त्याहूनही वेळ लागतो.

मनाचं काय?

जखम भरली की लोकांना वाटतं काम संपलं. पण ज्या कुत्र्याने कधी मिक्सरचा आवाज ऐकला नाही, गुळगुळीत फरशीवर पाय ठेवला नाही, लिफ्ट पाहिली नाही, त्याला आपला टू-बीएचके परका ग्रहच वाटणार. शेपूट पायात, सारखे ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कोपऱ्यात थिजून बसणं, ही सगळी भीती आहे. लोक बघतात आणि म्हणतात, "किती शांत आहे हो!" तिथेच गडबड होते. शांत म्हणून दिलेलं कुत्रं नवीन घरी चौथ्या दिवशी गुरगुरतं आणि परत येतं.

फॉस्टर करणारे एक ढोबळ हिशोब सांगतात: तीन दिवस बिचकण्याचे, तीन आठवडे घराची पद्धत शिकण्याचे, तीन महिने 'हे माझं घर' वाटण्याचे. प्रत्येकाचा वेग वेगळा, पण घाई नको हे खरं. जेवणाची आणि फिरण्याची वेळ ठरलेली, लपायला एक जागा, आणि जवळ यायचा निर्णय त्याचा. पिल्लांना तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात माणसं, आवाज, गाड्या यांची हळूहळू ओळख झाली तर पुढचं सगळं सोपं जातं.

आता घर

मधले दिवस नीट गेले की खरा फायदा इथे दिसतो. आता तुम्हाला माहीत असतं, हे कुत्रं लहान मुलांत रमतं की नाही, मांजर चालतं का, एकटं किती वेळ राहतं. हे सगळं दत्तक घेणाऱ्याला सांगा, अवगुणांसकट. आणि त्यांनाही विचारा: घरात सगळे तयार आहेत का? भाड्याचं घर बदललं तर? गावी गेल्यावर कोण बघणार? नसबंदी करणार ना? सुप्रीम कोर्टाच्या ऑगस्टच्या त्याच आदेशात, महापालिकेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घेणाऱ्यावर ते परत रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी टाकलेली आहे. म्हणून लेखी करार करा, पहिल्या काही आठवड्यांत फोन करा, आणि जमलं नाही तर कुत्रं तुमच्याकडेच परत द्यायचं असं आधीच ठरवा.

काहींना घर मिळत नाही. तीन पायांचं, म्हातारं, काळं म्हणून नाकारलेलं. जे बरं होऊन आपल्या गल्लीत परत जगू शकतं, त्याचं तिथे जाणं हे अपयश नाही.

पिल्लू उचलायला दहा माणसं धावतात, पण चौदा दिवस बाथरूम द्यायला एकही मिळत नाही. मदत करायची तर इथे करा. तुमच्या शहरातल्या एखाद्या संस्थेला विचारा, फॉस्टर हवंय का. आणि पुढच्या वेळी तो मेसेज आला की फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: "घर मिळेपर्यंत ते राहणार कुठे?"

भेटू पुढच्या भागात!