सममितीची पहिली ओळख

बंगळुरूच्या जुन्या वस्त्यांतून सकाळच्या वेळी दारोदारी सडा घालून काढलेल्या रांगोळ्या दृष्टीस पडतात. आधी ठिपके मोजून मांडावयाचे आणि मग ते रेषांनी जोडावयाचे किंवा त्यांना वळसे घालावयाचे, अशी ही रीत आहे. कानडीत ठिपक्याला 'चुक्की' म्हणतात, म्हणून ही 'चुक्की रंगोली'. ती न्याहाळणारे मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच सममितीच्या सहवासात वाढत असते. परंतु शाळेत हीच गोष्ट व्याख्येचे रूप घेऊन आली की ती त्याला परकी वाटू लागते. उंबरठ्यावरचे हे ज्ञान वर्गात कसे आणावे, हा शिक्षकापुढचा प्रश्न आहे.

सहा-सात वर्षांच्या मुलाला शब्दाआधी हाताला काम हवे असते. घोटीव कागदाची मधोमध घडी घालून तिच्या कडेला कात्रीने एक अर्धवट आकार कापावयास सांगावे. घडी उलगडण्यापूर्वी मात्र शिक्षकाने थांबावे आणि विचारावे: आता काय दिसेल? मुलांनी आपला अंदाज पाटीवर काढावा. मग कागद उलगडून ताडा पाहावा. येथे निवाडा कागद करतो, शिक्षक नव्हे. चुकलेल्या अंदाजाची लाज वाटण्याचे कारण उरत नाही.

यानंतर आयताकृती कागद घ्यावा. लांबीच्या आणि रुंदीच्या मध्यावर घातलेल्या दोन घड्या बरोबर जुळतात. कर्णावर घडी घालू गेल्यास मात्र कोपरे बाहेर डोकावतात. तरीही अनेक मुले कर्ण हाही सममितीचा अक्ष आहे असे सांगतात, कारण त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे सारखे आहेत. अशा वेळी 'चूक' एवढेच म्हणणे म्हणजे उघडू पाहणारे दार लावून घेणे होय. मुलाला कर्णावर कागद कापू द्यावा. दोन्ही त्रिकोण खरोखरच एकरूप असतात. परंतु एक तुकडा दुसऱ्यावर बसविण्यासाठी तो उलटावा लागत नाही, अर्धा फेरा फिरवावा लागतो. दोन भाग सारखे असणे आणि घडीवर जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला स्वतःच्या हातांनी कळते. शिवाय सममितीचा दुसरा प्रकार, म्हणजे फिरविण्याने येणारी सममिती, आपोआप समोर उभी राहते.

या दोन प्रकारांतील भेद पारखण्यासाठी फुलांसारखे साधन नाही. १७६० साली हैदर अलीने सुरू केलेल्या लालबागेत किंवा शाळेच्या आवारात गळून पडलेली फुले वेचावीत. गुलमोहोराच्या पाच पाकळ्यांपैकी एक पांढुरक्या छटेची व वेगळी असते. तिच्या मधोमध आरशाची पट्टी उभी धरली तर अर्ध्या फुलाचे पूर्ण फूल दिसते. पण हे फूल फिरविले तर वेगळेपण लपत नाही. सदाफुलीचे याच्या उलट आहे. तिच्या पाचही पाकळ्या भिरभिऱ्याच्या पात्यांप्रमाणे एकाच बाजूला कललेल्या असतात. वर्तुळाचा पाचवा भाग, म्हणजे ७२ अंश, फिरविल्यास फूल पूर्वीसारखेच दिसते. आरशात मात्र कल उलटा होतो आणि चित्र जुळत नाही.

एवढे झाले की रांगोळीकडे वळावे. वहीवर पाच ओळींत पाच-पाच ठिपके मांडून एका मुलाने एक चतुर्थांश भाग रेखाटावा व उरलेला दुसऱ्याने पूर्ण करावा. तो आरशाप्रमाणे उलटवून करावयाचा की फिरवून, हे आधी ठरवावे. आरंभ एकच असूनही दोन निराळ्या रांगोळ्या तयार होतात.

या पद्धतीला आपल्याकडे परंपराही आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील फ्रोबेलने बालोद्यानात कागदाच्या घड्यांना स्थान दिले. त्यावरून कल्पना सुचून टी. सुंदर राव यांनी घड्यांच्या साहाय्याने भूमिती मांडणारे इंग्रजी पुस्तक १८९३ साली मद्रासमध्ये प्रसिद्ध केले. १८९५ साली जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याचा उल्लेख केला आणि १९०१ साली शिकागोहून त्याची नवी आवृत्ती निघाली. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या सहभागाने २०१२ साली सुरू झालेल्या 'ॲट राइट अँगल्स' या नियतकालिकानेही कृतीतून गणित शिकविण्यास जागा दिली आहे.

'सममिती' हा शब्द मुलाला केव्हा सांगावा? घडी, आरसा आणि फेरा यांतून त्याने ती पुष्कळदा पाहिली, आणि 'याला काय म्हणतात?' असे त्यानेच विचारले, की तो सांगावा. मागितलेला शब्द स्मरणात राहतो. लादलेला परीक्षेपुरताच टिकतो.